बाटलीच्या तळाशी राहिलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी, वाया गेलेली औषधाची गोळी आहे. गिळायची नव्हे, सुईतून अंगात जाणारी. पिठाच्या कणाएवढी. माझ्यासारख्या लाखोजणी एका छोट्या बाटलीत राहायच्या. मी लहान म्हणून माझा रागही लहान असेल, असं समजू नका.

प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी आम्हाला घडवलं. टाके घालायचा जो धागा अंगातच विरून जातो, त्याच जातीचं आमचं कवच. आत प्रथिनाचं औषध. कवच झिजेल तसं ते थोडं थोडं झिरपावं आणि महिनाभर पुरावं, हे आमचं काम. आमच्या आधीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी सगळं औषध सांडून मोकळ्या व्हायच्या. बाई त्यांना ‘उधळ्या’ म्हणत. सात वर्षं बाईंनी हाडाची काडं केली, तेव्हा कुठे आम्ही जमलो. “या पोरी पुरवून पुरवून वापरतील हो!” त्या म्हणाल्या.

आम्हाला एका नऊ वर्षांच्या मुलीकडे जायचं होतं. तिची वाढ खुंटली होती. घरात तिला लवंगी म्हणत. आधी तिला रोज सुई टोचावी लागे. आमच्यामुळे ते महिन्यातून एकदाच, दवाखान्यात होणार होतं.

सिस्टरनी बाटलीत पाणी घालून ती छान हलवली. आम्ही दुधासारख्या पांढऱ्या होऊन तरंगू लागलो. तेव्हाच सुईत ओढून घ्यायचं असतं. पण फोन वाजला, आणि ड्युटी बदलण्यावरून सिस्टरचं बोलणं रंगलं. आम्ही पडलो जड. पाच मिनिटांत तळाला बसलो. मग त्यांनी वरचं नितळ पाणी ओढलं.

“सिस्टर, तळाशी पांढरं राहिलंय की,” लवंगीची आई म्हणाली.

“गाळ असतो तो. इतकी वर्षं टोचतेय, आता मला शिकवताय?”

गाळ! सात वर्षांच्या मेहनतीला गाळ! खोक्यात सूचनांचा कागद होता. त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. वाचला असता तर काय हात झिजले असते?

लवंगीला टोचलं ते निव्वळ पाणी. ती मोठ्याने रडली. बाटली मात्र तिने हट्टाने मागून घेतली आणि घरी खिडकीत ठेवली. तिथे आम्ही आमचं काम इमानेइतबारे केलं. रोज ठरल्याइतकं औषध सोडलं. बाटलीतच.

महिन्याने डॉक्टरांनी रक्त तपासलं. औषधाचा मागमूस नव्हता. “इंजेक्शन चुकवलंत ना?” त्यांनी आईलाच दरडावलं.

घरी आल्यावर लवंगीने हळूच विचारलं, “आई, मी रडले म्हणून औषध लागू पडलं नाही का गं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला ना पाय ना मस्तक. आईने इकडेतिकडे पाहिलं, खिडकीतली बाटली उचलली आणि आल्या पावली दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. तळाचा पांढरा थर पाहून त्यांचा चेहरा पडला. सिस्टर मान खाली घालून म्हणाल्या, “चूक माझीच आहे.”

“नवी बाटली आजच देतो,” डॉक्टर म्हणाले.

“आणि गेलेला महिना?” आईने विचारलं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी सिस्टर होईल, कुणी डॉक्टर. औषध हातात घेण्याआधी कागद वाचा. आणि एखादी आई काही विचारू लागली, तर तिला गप्प करण्याआधी बाटलीत एकदा डोकावून बघा. लवंगीच्या हाडांना वाढायला मोजकीच वर्षं आहेत. त्यातला एक महिना आम्ही खिडकीत बसून संपवला.