शिडी धरणारी

मी एक जुनी शिडी आहे, मित्रांनो. लाकडाची, घडीची, दोन्ही बाजूंनी चढता येईल अशी. एका बाजूच्या सातही पायऱ्या शाबूत आहेत, दुसरीकडच्या पाच उरल्या आहेत. सध्या मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे भिंतीला टेकून उभी असते. खोटं कशाला सांगू, पायात वाळवी लागली आहे.

माझा जन्म इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, फ्रिउलीच्या एका खेड्यात झाला. आलिदाच्या वडिलांनी मला चेस्टनटच्या लाकडातून स्वतः घडवलं. तेव्हा घरोघरी रेशमाचे किडे पाळत आणि त्या खादाड किड्यांना दिवसभर तुतीचा पाला लागे. आलिदा तेव्हा लहान होती. पाला तोडायला ती वेण्या पाठीवर टाकून माझ्यावर सरसर चढायची. पुढे किडे गेले, तुतीची झाडंही तोडली. आता आपली चुलीत रवानगी, असं मी धरूनच चालले होते. पण गावाच्या शिवेला हवाई दलाचा तळ आहे आणि तिथे कसरती करणारं दहा निळ्या विमानांचं पथक राहतं. त्यांनी मला वाचवलं.

ते कसं, ऐका. तळाच्या कुंपणाला लागून सगळी मक्याची शेतं. जून उलटला की मका माणसाच्या डोक्यावर जातो आणि पलीकडचं काही दिसेनासं होतं. आभाळ दिसतं, पण खरी मजा जमिनीलगत असते. नऊ विमानं अंगाला अंग लावून धावपट्टीवरून उठतात ती, आणि झाडांच्या शेंड्यांवरून थेट तुमच्या अंगावर येतात ती! म्हणून सकाळी सराव असला की सगळं गाव आपापली शिडी खांद्यावर टाकून कालव्याच्या बांधावर हजर. कुणाची चेरी तोडायची, कुणाची रंगाऱ्याची. बांधाची माती ओली, भुसभुशीत. शिडीचे पाय रुतायचे. त्यामुळे एकाने चढायचं आणि एकाने धरायचं. पुरुष चढायचे, बायका धरायच्या. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी बदललंही नाही.

आलिदाचा नवरा जेलिंदो गावच्या डेअरीत चीज करायचा. पहाटे चारला कामाला लागायचा, साडेदहाला हात धुऊन मोकळा. घरी येताना फाटकातूनच ओरडायचा, "आलिदा, शिडी!" आलिदा चुलीवरचं खाली उतरवायची, डोक्याला रुमाल बांधायची आणि माझं मागचं टोक उचलायची. सेहेचाळीस वर्षं असंच चाललं.

मला डोळे नाहीत, मित्रांनो. पण त्या विमानांचा थरार माझ्याइतका कुणाला कळला असेल असं मला वाटत नाही. आधी माझ्या पायांना मातीतून कंप कळायचा. मग तो आवाज यायचा, कानठळ्या बसवणारा, आणि माझ्या खिळ्याखिळ्यात शिरायचा. जेलिंदो पाचव्या पायरीवर उभा असायचा. नऊ विमानं एका रांगेत उलटी झाली की त्याचे तळवे माझ्यावर घट्ट दाबले जायचे. मग दहावं विमान यायचं, एकटं. त्याचा वैमानिक ते उंचावर नेऊन मुद्दाम सोडून द्यायचा. विमान गटांगळ्या खात खाली यायला लागलं की जेलिंदोचा श्वास बंद. ते सावरून वर गेलं की तो श्वास सोडायचा, तेव्हा मीसुद्धा हलायचे.

आणि मग गाठ! ती नऊ विमानं एका पुंजक्यात आभाळातून खाली झेपावायची, फुटून नऊ दिशांना जायची, वळायची आणि समोरासमोरून येऊन धावपट्टीच्या मधोमध एकाच जागी एकमेकांना ओलांडायची. त्या क्षणाला गावात 'गाठ' म्हणत. चूक अर्ध्या क्षणाची झाली तरी संपलं. गाठ नीट पडली की जेलिंदो चवड्यांवर उभा राहायचा आणि हिरव्या, पांढऱ्या, लाल धुराखाली लहान मुलासारखा ओरडायचा, "आई गं! आलिदा, बघितलंस? बघितलंस का?"

"बघितलं रे, बघितलं," आलिदा खालून म्हणायची.

तिने काही बघितलेलं नसायचं. ती माझी दुसरी बाजू धरून उभी असायची, कपाळ माझ्या चौथ्या पायरीला टेकवलेलं आणि डोळे गच्च मिटलेले. विमानं आली की तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. "कुणाची तरी पोरं आहेत रे ती," असं ती एकदाच म्हणाली होती. जेलिंदो हसला, मग ती पुन्हा म्हणाली नाही. तिच्या कपाळाचा घाम माझ्या लाकडात मुरला आहे.

शेजारच्या शिडीवर पोस्टमन दुइलियो असायचा. तो बिनलग्नाचा, म्हणून आपली शिडी विजेच्या खांबाला दोरीने बांधायचा.

"काय रे जेलिंदो, शिडी हलतेय की तुझे पाय?" तो चिडवायचा.

"माझे पाय हलू देत, नाही तर नाचू देत! खाली माझी बायको आहे. तुझ्यासारखं खांबाच्या गळ्यात पडावं लागत नाही मला."

"खांब बरा बाबा. निदान घरी गेल्यावर बोलत तरी नाही!"

बांधावर हशा पिकायचा. आलिदाही हसायची, डोळे मिटूनच. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग जेलिंदो विसरायला लागला. आधी चीजमध्ये मीठ घालायचं विसरला. लोकांनी थट्टेवारी नेलं. मग डेअरीतून घरी यायचा रस्ता विसरला, तेव्हा थट्टा थांबली. शहरातल्या डॉक्टरांनी आलिदाला स्पष्ट सांगितलं, हे आता वाढतच जाणार, यावर उपाय नाही. एका दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिला म्हणाला, "बाई, तुमची मक्याच्या पिठाची पोलेंता छान झालीय. माझी बायकोही अशीच करते." आलिदाच्या हातातला डाव खाली पडला. मी बाहेर व्हरांड्यात होते, मला तो आवाज ऐकू आला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी विमानं घरावरून गेली आणि जेलिंदो ताडकन उठून ओरडला, "आलिदा, शिडी!"

बाईच्या जिवात जीव आला हो! त्या दिवसापासून तिने एकही सराव चुकवला नाही. बांधावर आता फारशा शिड्या नसायच्या. जुनी माणसं गेली, नवी घरी बसून पडद्यावर बघायला लागली. ही दोघं मात्र यायची. दिवसभर तो तिला बाई म्हणायचा आणि विमानं आली की आलिदा म्हणायचा. त्या एका हाकेसाठी तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा. पुढे हाक रोज येईना. मग आठवड्यातून एकदा येऊ लागली. मग नुसतंच "शिडी!" आणि पुढे तेही नाही.

सप्टेंबरात पथकाच्या वाढदिवसाची मोठी कसरत होती. लांबून लांबून लोक आले होते, शेताशेतात मोटारी उभ्या होत्या, जागोजागी सॉसेज भाजत होते. आलिदाने रात्रभर काय विचार केला होता कोण जाणे. बांधावर माझे पाय रोवल्यावर तिने दुइलियोला हाक मारली. त्याचे गुडघे गेले होते, तो आता चढत नसे.

"दुइलियो, आज शिडी तू धर."

"आणि तू काय करणार?"

"मी वर जाते."

"तू? अगं, विमानाचं चित्र बघितलं तरी तुला घाम फुटतो!"

"फुटू दे. विमानं आली की त्याला सगळं आठवायचं, आजही आठवेल. तेवढ्यात एकदा त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं पाहिजे. इतकी वर्षं मी खाली मान घालून उभी राहिले, मग त्याच्या ध्यानात राहू तरी कशी?"

तिचं म्हणणं मला पटलं होतं, मित्रांनो. मी बोलू शकत असते तरी तिला थांबवलं नसतं.

जेलिंदो एका बाजूने चढला, ती दुसऱ्या बाजूने. लहानपणी सरसर चढणारी ती आता प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची चढत होती. पाचव्या पायरीवर दोघं समोरासमोर आली. मध्ये हातभराचंही अंतर नव्हतं. माझ्या पायांना मातीतून कंप कळायला लागला होता.

"जेलिंदो," ती म्हणाली, "मी आलेय बघ."

तो तिच्याकडे बघून अदबीने हसला. "बाई, जरा डोकं बाजूला घेता का? तुमच्या मागून येतायत ती."

तिने डोकं बाजूला घेतलं. मान वळवली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ती विमानं येताना पाहिली. माझ्यावरची तिची मूठ अशी आवळली की जुनं लाकूड करकरलं. नऊ विमानं डोक्यावरून गेली, एकटं विमान कोसळता कोसळता सावरलं, आणि तिने डोळे मिटले नाहीत. मग पुंजका फुटला. नऊ दिशांना धूर गेला. वळली, आली, आली, आणि गाठ पडली! चार टाचा एकदम माझ्यावरून उचलल्या गेल्या. दोघं एका सुरात ओरडली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"पहिल्यांदाच बघताय वाटतं?" जेलिंदोने विचारलं.

आलिदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हो," ती म्हणाली. "पहिल्यांदाच."

"वाटलंच मला. आमची बायको बघा, सेहेचाळीस वर्षं येतेय, पण एकदाही वर बघितलेलं नाही. डोळे मिटून उभी असते आणि 'बघितलं, बघितलं' म्हणते. तिला वाटतं, मला कळत नाही." तो तिच्या कानाशी वाकला. "पण ती खाली आहे म्हणून मी वर उभा राहतो. सांगू नका हं तिला."

मग त्याने खाली वाकून हाक मारली. "आलिदा, घट्ट धर गं!"

खाली दुइलियोची टोपी होती. तिने किती महिने वाट पाहिलेली हाक आली होती, आणि ती तिच्या जागेवर नव्हती.

"ए, तू कोण?" जेलिंदो घाबरला. "माझी बायको कुठे आहे? आलिदा कुठे आहे?"

"जेलिंदो, अरे, मी ही काय! मीच आलिदा."

"तुम्ही नाही हो, बाई!"

तो भराभरा उतरला. आलिदाही उतरली, पडत झडत माझ्या बाजूला आली, दुइलियोला ढकलून तिने मला धरलं. कपाळ चौथ्या पायरीला टेकवलं, डोळे मिटले. "बघ रे," ती म्हणत होती, "मी इथेच आहे. धरली आहे मी. इथेच आहे."

तो गर्दीत शिरला होता. तिच्या नावाने हाका मारत तो एका शेतातून दुसऱ्या शेतात फिरत राहिला आणि ती त्याच्या मागे मागे. लोकांना दया आली. कुणीतरी लाउडस्पीकरवरून पुकारलं, आलिदाबाई कुठे असतील तिथून फाटकापाशी यावं, त्यांचे पती वाट बघत आहेत. आलिदा फाटकापाशी त्याच्या शेजारीच उभी होती. त्याच्या तोंडून एकदा आपलं नाव ऐकायला ती आसुसली होती. त्या एका संध्याकाळी तिने ते शंभरदा ऐकलं.

हे मला दुइलियोने सांगितलं असं समजा. मला घरी घेऊन जाताना तो वाटभर स्वतःशीच बोलत होता आणि रडत होता.

त्यानंतर जेलिंदोने कुणालाच हाक मारली नाही. विमानं घरावरून जातात तेव्हा तो सूप पीत असतो, मान वर करत नाही. आलिदा खिडकी लावून घेते. आमच्याकडे जानेवारीत सणाची मोठी होळी पेटते, तिच्यासाठी गाव जुनं लाकूड गोळा करतं. परवा दुइलियो माझ्यासाठी आला. "देतेस का ही?" त्याने विचारलं. आलिदाने माझ्या चौथ्या पायरीवरून एकदा हात फिरवला आणि ती म्हणाली, "ने." उद्या तो मला न्यायला येणार आहे.

मला वाचवा, असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. वाळवी लागलेल्या शिडीला वाचवून करायचं काय? एवढंच सांगते. तुम्ही उंच उभे राहून काही सुंदर बघत असाल, तर खाली कुणीतरी शिडी धरून उभं असेल. त्याचे डोळे मिटलेले आहेत हे तुम्हाला ठाऊक असेल, तर गंमत म्हणून मनात ठेवू नका. खाली उतरा, त्याला वर चढवा आणि थोडा वेळ शिडी तुम्ही धरा. जेलिंदोला सगळं ठाऊक होतं. त्याने ते सांगितलं, पण एका परक्या बाईला.