आईचा एक अख्खा फोटो

इमारतीत त्याला सगळे मेगापिक्सेल म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. एका वर्तमानपत्रात दर रविवारी तो मोबाइल फोनवर सदर लिहायचा. कुठला नवा फोन आला, कुठला येणार म्हणतात, कुठला येणार येणार म्हणता म्हणता आलाच नाही, आणि मुख्य म्हणजे स्वस्तातला घ्यावा की महागातला. या शेवटच्या प्रश्नावर त्याने इतकी शाई खर्ची घातली होती, की त्याचं स्वतःचं मत काय हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. लेखाच्या शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, की हे ज्याच्या त्याच्या गरजेवर अवलंबून आहे. लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला मात्र तो एवढ्यावर सोडत नसे. कोणी फोन घ्यायचाय असं नुसतं म्हटलं, की हा सांगायचा, पुढच्या महिन्यापर्यंत थांबा, याच किमतीत याहून सरस येतोय. त्याचं ऐकून थांबलेली माणसं अजून थांबलेलीच होती. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी शेवटी कंटाळून दुकानदाराने हातात ठेवला तो फोन घेतला, आणि ते मजेत होते.

त्याच्या मालकीचा असा फोन नव्हताच. कंपन्या परीक्षणासाठी आठवडाभर फोन वापरायला द्यायच्या, मग तो आतून पुसून, डब्यात घालून परत करायचा. त्याचं सिमकार्ड या फोनमधून त्या फोनमध्ये बिऱ्हाड हलवत असायचं. बायको म्हणायची, तुझ्याशी लग्न केलं म्हणजे मोबाइलच्या दुकानाशीच केलं, फक्त तिथलं काही घरी राहत नाही.

आता कॅमेऱ्यांची तुलना करायची तर समोरची वस्तू तीच हवी आणि उजेडही तोच हवा. फुलदाणीवर सुरकुत्या नसतात, आणि बायकोने पहिल्याच आठवड्यात हात जोडले होते. राहिली आई. दर आठवड्याला सकाळची कामं उरकली, की आई मागच्या खोलीच्या खिडकीशी स्टुलावर येऊन बसायची. अंगावर ठरलेली निळी साडी, कारण तिच्या काठात बारीक नक्षी होती आणि ती नीट येते की नाही ते बघायचं असायचं. मान जराशी वर, नजर डावीकडच्या पडद्यावर. "हलू नकोस," तो म्हणायचा. "हसू नकोस, हसलीस की गाल हलतात." आई हलायची नाही आणि हसायचीही नाही. फोटो झाला की विचारायची, हा किती दिवस आहे आपल्याकडे, आणि उठून आपल्या कामाला लागायची.

तर अशा या घरात एक दिवस आईलाच स्वतःचा फोटो हवा झाला.

आई टेलिफोन ऑपरेटर होती. सगळी नोकरी तिने कानाला यंत्र लावून, समोरच्या फळीवर या घराची तार त्या घराला जोडण्यात काढली होती. ती एक्स्चेंजची जुनी इमारत बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आता तिथे एक लहानसं संग्रहालय होणार होतं. जुनी फळी मधोमध ठेवणार होते आणि भिंतीवर तिथे काम केलेल्या सगळ्या ऑपरेटर बायकांचे फोटो लावणार होते. त्या काळी त्यांचे फोटो काढायचं कोणाला सुचलं नव्हतं, म्हणून प्रत्येकीने आपला आत्ताचा फोटो पाठवायचा होता. सगळ्यांचे पोचले होते. भिंतीवर एकच चौकट रिकामी होती, आईची. उद्या दुपारपर्यंत फोटो आला नाही, तर तिथे नुसतं नाव लिहून मोकळे होणार, असा निरोप आला होता.

"माझा आवाज अख्ख्या गावाने ऐकलाय," आई म्हणाली. "तोंड कोणी पाहिलं नाही. तेवढं एकदा दिसू दे लोकांना."

आई सहसा काही मागायची नाही. त्यामुळे तिचं हे बोलणं त्याला लागलं, आणि त्याच भरात तो म्हणाला, हात्तिच्या, एवढंच ना, माझ्याकडे तुझे शेकड्यांनी आहेत.

शेकड्यांनी होते यात खोटं काही नव्हतं. त्याने कॉम्प्युटर उघडला आणि आईचे फोटो बघायला बसला. पहिल्यात आईचा कान होता. दुसऱ्यात कपाळावरचे केस, दहापट मोठे केलेले, एकेक सुटा मोजून घ्यावा असा. मग साडीचे काठ, काठांनंतर काठच. मग हाताच्या सुरकुत्या, खाली ओळ, की तपशील उत्तम टिपला आहे. चेहरा पूर्ण होता त्या फोटोंत मधोमध उभी रेघ होती. डावा अर्धा महागड्या फोनने काढलेला, उजवा अर्धा स्वस्तातल्याने, वाचकांना फरक कळावा म्हणून. एका फोटोत आईचा डावा गाल गोरा होता आणि उजवा पिवळसर. अख्खे फोटो जे होते ते त्या त्या फोनबरोबर पुसले गेले होते. चारदोन कसे कोण जाणे उरले होते, त्यांत आई अशी दिसत होती, की पोलिसांनी आत्ताच आणून उभी केली असावी.

बायको मागे उभी राहून बघत होती. तिने नुसतं हं म्हटलं. त्या हंमध्ये बरंच काही होतं. त्याने कॉम्प्युटर बंद केला.

पण माणूस हार मानणारा नव्हता. या आठवड्यात त्याच्याकडे दोन फोन आले होते. एक इतका महाग, की बायकोने तो घरात आल्यापासून खिडकीजवळ न्यायला बंदी घातली होती. दुसरा अगदी साधा, त्याच्या पाव किमतीचा. या दोघांवरचा लेख त्याने सकाळीच कार्यालयात पाठवून दिला होता. त्यात साध्या फोनची बॅटरी वाखाणली होती, मागचा कॅमेरा चालून जाईल म्हटलं होतं, आणि पुढच्या कॅमेऱ्याबद्दल, ज्याने माणूस स्वतःचा फोटो काढतो त्याबद्दल, लिहिलं होतं की आहे म्हणून आहे. पुढे अर्थातच ज्याची त्याची गरज.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने महागडा फोन घेतला आणि आईला स्टुलावर बसवलं. फोन उचलला मात्र, आईची मान वर गेली, नजर पडद्यावर गेली आणि चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. नैसर्गिक बस, तो म्हणाला. आई आणखी ताठ झाली. जरा हस म्हणाला, तर आईने विचारलं, "आणि गाल हलले तर?" आज हलू देत म्हटल्यावर तिने ओठ दोन्ही बाजूंना ताणून धरले आणि श्वास रोखला. तिला सोडवावं म्हणून त्याने घाईने फोटो काढला.

मग त्याने लपूनछपून काढायचं ठरवलं. आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. हा दारामागून पायांचा आवाज न करता आला. पण तिचे कान ऑपरेटरचे. फोन वर जायच्या आत ती हातात पातेलं घेऊन तशीच डावीकडे बघत थिजली. तिथे पडदा नव्हता, फ्रीज होता.

शेवटी महागड्या फोनची खास करामत वापरून पाहिली. त्यात म्हणे न हसणाऱ्या माणसाला हसवता यायचं. बोट लावलं आणि आईच्या चेहऱ्यावर पांढऱ्याशुभ्र दातांचं हसू उमटलं. त्याने मोठ्या अभिमानाने दाखवलं. आईने चष्मा लावून फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाली की साडी माझीच आहे, ही बाई कोण ते विचारून घे.

बारा वाजत आले. त्याचं डोकं तापलं. पुन्हा तिला स्टुलावर बसवून, काचेवर उजेड चमकतो म्हणून चष्मा काढायला लावून, तो जरा जोरातच म्हणाला, "आई, घटकाभर माणसासारखी बस ना."

आई खाली बघत होती. "तूच शिकवलंस रे मला असं बसायला," ती म्हणाली.

ती रागावली नव्हती, आणि तेच त्याला सहन झालं नाही. इतकी वर्षं तो या बाईकडे बघत होता. तिचे काठ पाहिले, केस पाहिले, सुरकुत्या मोजल्या, आणि तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. महागडा फोन त्याने टेबलावर पालथा टाकला. 

आईलाच त्याची कीव आली असावी. ती उठली आणि त्याला म्हणाली, "तू बस इथे. मी काढते. बघू दे तुला तरी कसं जमतंय."

तिने साधा फोन उचलला. महागडा विटेसारखा जड होता, आणि हातून पडला तर सून घराबाहेर काढेल असं ती म्हणाली. तो स्टुलावर जाऊन बसला. आई दोन पावलं मागे सरकली, फोन डोळ्यांसमोर धरला आणि त्याच्याच आवाजात सुरू झाली. मान वर. पडद्याकडे बघ. हलू नकोस. नाक कशाला फुगवतोस, तपशील बिघडतो. हसायचं तर मुळीच नाही. आणि एवढं बोलून ती स्वतःच खुदकन हसली. त्याने मान वर केली, पडद्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला कळलं की त्या पडद्यात बघण्यासारखं काहीही नाही.

"केस फारच पांढरे झालेत की रे तुझे," आई फोनमध्ये डोळे बारीक करून बघत म्हणाली.

त्याने परवाच रंगवले होते. तो दुखावला, पण हलायचं नव्हतं.

"आणि नाक डिट्टो माझं. लहानपणी सगळे म्हणायचे, हा आईवर गेलाय. मला कधी पटलं नव्हतं. आज फोटोत बघितल्यावर पटलं." आई आता मोकळी हसत होती आणि बटण दाबत होती. "अरे, तू हसतोयस. हसू नकोस म्हटलं ना."

तो हसत नव्हता. तोंड मिटून बसला होता. एवढ्यात बायको आत आली, आईच्या मागे येऊन उभी राहिली, तिने फोनमध्ये डोकावलं आणि एकदम तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलायला लागले. आपण एवढे वाईट दिसतोय का, त्याच्या मनात आलं. आईचं काढणं संपेपर्यंत तो ताठ बसून राहिला, मग उठून फोन घेतला.

फोटोंत तो कुठेच नव्हता. काल सकाळी सदरासाठी पुढचा कॅमेरा तपासताना त्याने तो चालू करून तसाच ठेवला होता. आईच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तिला समोर एक धूसर तोंड दिसत होतं, आणि ते मुलाचं आहे असं समजून ती त्याला दटावत होती. सगळे फोटो तिचेच होते. एकात नुसतं कपाळ होतं, एकात हनुवटी. एकात मात्र आई अख्खी होती. मान मागे टाकून हसत होती, डोळे जवळजवळ मिटलेले, पडलेल्या दाढेची जागा दिसतेय, एक बट गालावर आलेली. उजेड चुकीच्या बाजूने होता, कडा हललेल्या होत्या, रंग फिके होते. याच्या सदरात त्या फोटोला कोणी उभं केलं नसतं. लहानपणी शाळेतून आल्यावर दार उघडणारी आई ती हीच, हे त्याला एका नजरेत कळलं.

त्याने आधी वर्तमानपत्राच्या कार्यालयात फोन लावला, त्या पुढच्या कॅमेऱ्याबद्दलचं वाक्य काढा म्हणून. उपसंपादक बाई म्हणाल्या, पान केव्हाच छपाईला गेलं, आणि स्वस्त चांगला की महाग ते तुम्ही याही खेपेला लिहिलेलं नाही. त्याने फोन ठेवला आणि बायकोने तो फोटो संग्रहालयाला पाठवून दिला.

आई चष्मा शोधून घेऊन आली. तिने फोन हातात घेतला आणि तो फोटो लांब धरून पाहिला. मग सुनेला म्हणाली, "बरी हसते की गं मी."

तिने बोटाने एकेक फोटो पुढे सरकवला. कपाळ, हनुवटी, पुन्हा कपाळ. शेवटपर्यंत गेली, मग उलटी पहिल्यापर्यंत आली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"यात तू कुठे आहेस रे?" तिने विचारलं. "एवढे काढले मी. तुझा एकही आला नाही?"

 त्याने नुसती मान हलवली. आईने चष्मा नाकावर पक्का बसवला, कॅमेरा कसा फिरवायचा ते सुनेला विचारून घेतलं, आणि त्याला पुन्हा स्टुलाकडे ढकललं.

"बस," ती म्हणाली. "आणि इकडे बघ. माझ्याकडे."