आधी दिलेला शब्द

हवाईतल्या मोलोकाई बेटावरच्या त्या घरात भरदुपारी सगळे चटईवर बसले ते केओनीच्या पायासाठी. पाय सुजतच चालला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याची आई एमालिया म्हणाली, "घरात हिहिया झालंय."

हिहिया म्हणजे रानवेलींचा, जाळ्याचा गुंता; एक दोरा ओढावा तर दुसरा आवळतो. माणसांचंही तेच; मनात दडवलेलं अंगावर उठतं. तो सोडवायचा तर बसतानाच शब्द द्यायचा, की जे बाहेर येईल ते मी सोडून देईन. आमच्याकडे गाठ सोडणं आणि क्षमा करणं, दोन्हीला एकच शब्द, काला.

थोरली सून लेइमोमीने बेलाशक शब्द दिला. नवरा काइमी होडी उलटून बुडाला होता. त्यात दिराचा काय दोष?

मग केओनी बोलला. "वहिनी, होडी उलटली नव्हती. दादा पाण्यात पडला. मी प्यालेलो होतो. घाबरलो नि होडी किनाऱ्याकडे वळवली."

लेइमोमीने विचारलं, "त्यानं हाक मारली का रे तुला?"

"गप्प!" एमालिया कडाडली. "विचारशील तर पुन्हा गुंतेल. शब्द दिलायस ना? सोड, नाहीतर या घराशी तुझी नाळ तुटली."

एमालियाच्या मांडीवर लेइमोमीची मुलगी होती. पहिलं मूल आजीचं, ही इथली रीत. सुनेने घर सोडायचं तर एकटीनेच सोडायचं. धाकट्याचा पाय वाचवायला म्हातारीने थोरल्याचं मरण पुसून टाकलं!

"सोडलं," लेइमोमी म्हणाली.

"तोडलं," एमालियाने शेवट केला. म्हणजे आता त्याबद्दल कुणी कधीच अवाक्षर काढायचं नाही. मग सगळे जेवले. केओनीने मासळी पुन्हा वाढून घेतली.

पायाची सूज मात्र उतरली नाही, पाय काळा पडत गेला. एका सकाळी केओनी काठी टेकत लेइमोमीच्या दारी आला.

"वहिनी, एक सांगायचं राहिलंय. ते पोटात ठेवलं म्हणूनच हे भोगतोय. दादानं हाक—"

रोज उशीत तोंड खुपसून ती हेच तर विचारत होती. तिने तारोचे कंद सोलणं थांबवलं नाही.

"ते तुटलं, भावजी. त्यावर बोलायचं नाही. आईंना बोलावू का?"

तो उभ्या उभ्या रडायला लागला. मला जन्मभर कळलं नाही तरी चालेल, पण तू सुटू नकोस, असं तिला वाटलं. तिने उठून दार लावून घेतलं.