पडवीत एकच गाडी मावते

गावच्या घराची पडवी भूपाल मगदूम यांनी तिसऱ्यांदा मोजली, तेव्हाही तिच्यात एक मोटरसायकल आणि वर चार बोटं एवढीच जागा भरली. पहिल्यांदा मोजल्यावर त्यांनी गवंडी लावून पडवी पाच फूट वाढवून घेतली होती. भिंत खरोखरच पाच फूट पुढे गेली होती, सगळ्या गावाने ती बघितली होती. टेप लावली की जागा मात्र एका गाडीचीच. उभी हयात पाटबंधारे खात्यात जमिनी मोजण्यात घालवलेल्या माणसाला टेपशी भांडता येत नाही. आण्णा (त्यांना सगळे आण्णाच म्हणत) मुकाट्याने सांगलीला परत आले.

इकडे सांगलीत बिल्डिंगखालचं पार्किंग रोज एका फरशीने आखडत होतं. कायमचं गावी जायचं ठरलं त्या दिवशी भिंतीपासून गेटपर्यंत चौदा फरश्या होत्या. बुधवारी आठ राहिल्या. सामानाचा टेम्पो सोमवारी येणार होता.

गाड्या दोन होत्या. नुसत्या गाड्या असत्या तर आण्णा एक विकून केव्हाच मोकळे झाले असते. पण येझदीच्या मागच्या सीटवर त्यांची बायको सुलोचना बसलेली होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली, तेवीस वर्षांची, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. आणि हिरो होंडाच्या टाकीवर त्रिशला बसलेली होती, सात वर्षांची, दोन्ही हातांनी हँडल धरून. त्यांची ही एकुलती एक मुलगी सातव्या वर्षीच तीन दिवसांच्या तापात गेली, त्याला आता एकतीस वर्षं झाली. गाडी चालवताना आण्णांचे हात अजून तिच्या दोन्ही बाजूंनीच जात.

बिल्डिंगमध्ये कुणाला यात वावगं वाटत नसे. हवा भरायला येणारा दस्तगीर मेस्त्री येझदीपाशी बसला की म्हणे, "मागं डबलसीटची भरतो आण्णा. वैनी बसल्यात न्हवं."

खऱ्या, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या सुलोचनाबाई आता बासष्टच्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांचं मोटरसायकलवर बसणं कधीच सुटलं होतं. तरी रोज सकाळी कठडा धरत धरत त्या खाली येत, त्रिशलाच्या मागे उभ्या राहून तिच्या दोन वेण्या घालत आणि लाल रिबिनी बांधत. दुसऱ्या दिवशी केस मोकळेच असत. वर जाताना येझदीवरच्या स्वतःकडे एक नजर टाकून म्हणत, "हिचं बरं आहे बाई. गुडघे शाबूत आहेत."

बुधवारी जेवताना त्यांनीच विषय काढला. "ठरलं का मग?"

"तूच सांग."

"पोरीला कुणाच्या हवाली करायचं? येझदी द्या."

"आणि तू?"

"मी आहे की ही. टेम्पोत पुढं बसून येणार आहे. दोन-दोन सुलोचना नेऊन काय लोणचं घालायचंय?"

गणित बिनचूक होतं. आण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं, कुठेच चूक निघेना. तरी त्यांनी अर्धं ताट बाजूला सारलं.

त्याचं कारण असं, की येझदीवरच्या सुलोचनेला त्रिशला गेलेली माहीतच नव्हती. ती कधी रडली नव्हती. एकतीस वर्षांत जेव्हा जेव्हा घर खायला उठलं, तेव्हा आण्णा फडकं घेऊन खाली येत, गाडी पुसत आणि तिच्याशी भाजीपाल्याचं काहीबाही बोलत. तेवढी पाच मिनिटं त्यांच्या घरातलं कुणी गेलेलं नसे. या बाईवर त्यांचा फार जीव होता.

गुरुवारी तिनेच हिरो होंडाकडे बोट दाखवलं. "अहो, ही पोर कुणाची?"

"आपली."

"कायतरीच तुमचं." ती लाजली आणि तिने पदर सारखा केला. "किती धीट बसलीय. पडायची नाही ना?"

"नाही पडत."

"मग बाजाराला निघायचं का? उशीर झाला की मेथी संपते."

पिशवीच्या बंदाने तिच्या बोटांवर वळ उठला होता. आण्णांनी पिशवी काढून हँडलला अडकवली. वर आले तर सुलोचनाबाई बोटं चोळत बसल्या होत्या.

"काय झालं?"

"कशाचा वळ आहे कोण जाणे."

आण्णांनी खोबरेल तेलाची बाटली आणून दिली.

शुक्रवारी सहा फरश्या उरल्या आणि दोन्ही गाड्यांची हँडलं एकमेकांना लागली. आण्णांनी शेवटचा उपाय करून पाहिला. "सुलू, जरा उतर. या दुसऱ्या गाडीवर मागं बस."

ती लगेच उतरायला निघाली. पाय खाली पोचेनात. आण्णांनी तळव्यापासून फरशीपर्यंत टेप धरली, अंतर चार बोटं. त्यांनी गाडी स्टँडवरून खाली घेतली आणि पुन्हा मोजलं. चार बोटं.

"राहू दे," ती म्हणाली. "मला हीच बरी."

रविवारी सकाळी फरश्या चारच होत्या. जुन्या गाड्या जपणारे कुरणे मास्तर जयसिंगपूरहून ठरल्या वेळी येझदी न्यायला आले. सज्जन माणूस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "बाईंसकट ना?"

"सकटच."

"काळजी करू नका. आमच्याकडं मोठं अंगण आहे."

सुलोचनाबाईंनी येझदीच्या दिव्याला हळदकुंकू लावलं, मग मागे जाऊन आपल्याच तरुण कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं. हातावर साखर ठेवली. ती तिने लगेच खाल्ली. "बघा कशी खाते," सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसून त्रिशलाच्या वेण्या घालायला वळल्या. एक वेणी झाली. दुसरीचे पेड त्यांनी हातात घेतले.

मास्तरांनी किक मारली, तोच दांडा आत दाबून पुढे वळवला आणि त्याचाच गिअर केला. येझदीचं तसंच असतं. सुलोचना आण्णांकडे बघत होती.

"तुम्ही नाही येत?"

"तू हो पुढं," आण्णा म्हणाले. आयुष्यात त्यांना कुठलं वाक्य एवढं जड गेलं नव्हतं.

गाडी सुटली. तोल जाऊ नये म्हणून तिने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. गेटातून बाहेर पडेपर्यंत ती तिशीची झाली होती. पिठाच्या गिरणीपाशी तिची पाठ वाकली, आणि त्रिशला गेली त्या आठवड्यात वाकली होती तशीच वाकली. चौकातल्या वळणावर केस पांढरे दिसले. वळताना तिने मागे पाहिलं. तिच्या दुसऱ्या हातात लाल रिबीन फडफडत होती.

आण्णा गेटपर्यंत धावले. रस्ता रिकामा होता. ते परत फिरले, तेव्हा पार्किंगमध्ये एका गाडीची जागा आणि वर चार बोटं उरली होती. हिरो होंडाच्या मागे फरशीवर सुलोचनाबाईंच्या नुसत्या चपला होत्या, बाजूला फणी पडली होती.

"आण्णा," त्रिशला म्हणाली, "आईनं दुसरी अर्धीच ठेवली."

आण्णांना वेणी घालता येत नव्हती. ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले. सुटत चाललेले तिन्ही पेड त्यांनी मुठीत धरले आणि यातला कुठला कुणावरून न्यायचा, ते तिला विचारलं.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "मला मागचं दिसत नाही ना."