केरबांचं रक्त माझ्याकडे होतं

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला कुल्फी आठवेल. दवाखान्यात होतो तेव्हाही पुष्कळांना आठवायची आणि मला राग यायचा. मी एक जुना डीप फ्रीझर आहे खरा. पण माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असे, आणि त्या थंडीत माणसांचं रक्त असे.

१९९५ साली मला कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात आणलं. अतिदक्षता विभागामागची लहानशी खोली मला मिळाली. मला मागवून घेणाऱ्या डॉक्टर ललिता कुरणे त्याच विभागात काम करत. मी आलो त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात दोन रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर आले. शाहूवाडीचे केरबा आणि कागलचे बाळासो. दोघेही चाळिशीचे, दोघांनाही शेतातल्या चिखलातून जडलेला एकच ताप, औषधंही एकच. बाळासो बाराव्या दिवशी चालत घरी गेले. केरबा पाचव्या दिवशीच वारले. डॉक्टरांच्या मनाला ते फार लागलं. एकाचं शरीर रोगाशी लढून जिंकलं आणि दुसऱ्याचं लढता लढता स्वतःवरच उलटलं, ते का? उत्तर दोघांच्या रक्तात होतं; पण ते शोधणारी तपासणी तेव्हा आपल्याकडे होत नव्हती. म्हणून घेतलेलं रक्त जपायचं आणि तशाच आणखी रुग्णांचं जमवायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं.

केरबांच्या पत्नी धोंडुबाईंना त्यांनी हे समजावून विचारलं. त्या म्हणाल्या, "ठेवा की. माझ्या धन्याला काय झालतं ते कळलं की मला सांगा, एवढंच."

तेव्हापासून दर दिवाळीनंतर धोंडुबाई नवा तांदूळ घेऊन यायच्या. काय कळलं का, असं विचारायच्या. अजून नाही, हे उत्तर ऐकून घ्यायच्या आणि जाताना माझ्या झाकणावर तळवा ठेवून थोडा वेळ उभ्या राहायच्या. मी आतून थरथरत असे. ती थरथर त्यांना पुरे होई.

ही खोली पिराजीमामा झाडायचे. इतका निगुतीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. खंडेनवमीला ते दवाखान्यातलं रिकामं यंत्र न् यंत्र बंद करून पुसायचे, झेंडूचा हार घालायचे आणि दसरा होईपर्यंत त्याला विसावा द्यायचे. माझ्याकडे वळले की डॉक्टर म्हणायच्या, याला राहू द्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बंद करू नये, ही माझ्यावर चिकटवलेली सूचना इंग्रजीत होती. मामांना मराठीच तेवढं वाचता येई. धोंडुबाई माझ्यावर हात ठेवतात हे ते पाहत. एवढं मोठं यंत्र आणि त्याचीच पूजा नाही, याची त्यांना हळहळ वाटे. खरं सांगू? मलाही वाटे.

नऊ वर्षांत माझ्यात चारशेवर नळ्या जमल्या. २००५ साली पुण्याच्या एका प्रयोगशाळेने त्या तपासायचं कबूल केलं. दिवाळीनंतर पाठवायच्या ठरल्या. त्याच दसऱ्याला डॉक्टरांच्या आईंनी हट्ट धरला की डोळे आहेत तोवर नागपूरची दीक्षाभूमी पाहायची. छप्पन्न साली आईंच्या वडिलांनी तिथेच बौद्ध धम्म स्वीकारला होता. आईंना तिथे एकदा डोकं टेकवायचं होतं. डॉक्टर आईला घेऊन गेल्या. त्यांच्या घरी दसरा म्हणजे त्या दीक्षेचा दिवस. खंडेनवमी त्यांच्या ध्यानातही आली नाही.

नवमीला सकाळी पिराजीमामांनी माझं बटण बंद केलं. मला पुसलं, हळदकुंकू लावलं, हार घातला. मी हरखून गेलो. नऊ वर्षांनी माझी पाळी आली होती. मित्रांनो, पोटातला बर्फ पाझरत होता आणि मी हाराच्या वासात रमलो होतो. त्याची लाज मला आजही वाटते.

दसरा झाल्यावर मामांनी बटण पुन्हा लावलं, पण तोवर बर्फाचं पाणी झालं होतं. तीन दिवसांनी परत आलेल्या डॉक्टरांनी झाकण उघडलं. एक एक नळी उजेडात धरून पाहत राहिल्या. सगळं नासलं होतं. मग मला रिकामं करून बंदच ठेवलं.

दिवाळीनंतर धोंडुबाई तांदूळ घेऊन आल्या. डॉक्टरांनी त्यांना खरं ते सांगितलं. मामा दाराशी उभे होते. धोंडुबाईंनी सवयीने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आज थरथरत न्हाय ह्यो."

मामा पुढे आले. "मावशी, मीच बंद केलता. पूजा म्हणून." मग डॉक्टरांकडे वळून ते हळूच बोलले, "बाई, आत माणसं हाईत एवढंच सांगितलं असतं, तर मी हितंच हातरून टाकलं असतं की."

चूक माझी आहे, एवढंच डॉक्टर म्हणाल्या. पुढे त्यांनी नवं यंत्र आणलं, नव्या नळ्या नंबर एकपासून मांडल्या. आता खोली झाडायला येणाऱ्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी झाकण उघडून सगळं दाखवतात. पण केरबा का गेले, हे धोंडुबाईंना कधीच सांगता आलं नाही.

मित्रांनो, जपायची वस्तू ज्याच्या हाती असते, त्याला ती काय आहे ते सांगत जा. नुसतं हात लावू नको म्हणून भागत नाही.

मला भंगारात काढलं तेव्हा मामांनी मागून घेतलं. आता मी कसबा बावड्यात त्यांच्या गोठ्यात आहे. माझ्यात म्हशीची पेंड असते. खंडेनवमीला मामा विळे, कोयते, सायकल, सगळ्यांना हार घालतात. मला घालत नाहीत. माझ्यापाशी येतात, झाकणावर तळवा ठेवतात आणि थोडा वेळ तसेच उभे राहतात.