पाच वाजेपर्यंत

तेविसावी सूचना लिहिता लिहिता तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. कपडे बेतायचा मोठा तपकिरी कागद होता. एका बाजूला कुणाच्या तरी कोटाची बाही आखलेली, दुसऱ्या बाजूला नवऱ्याला जिवंत कसं ठेवायचं ते. पाणी पावडर घालून घट्ट केल्याशिवाय द्यायचं नाही. घास लहान, तोही डाव्या गालात. गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा घास नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. आणि तेविसावी : काय हवंय ते डोळ्यांवरून ओळखायचं, बोलायला लावून दमवायचं नाही.

"हे वाचून होईपर्यंतच पाच वाजतील," नणंद म्हणाली.

नणंद शाळेची बस चालवायची. चाळीस पोरांना एका आरोळीत गप्प बसवणारी ही बाई स्वयंपाकघरात मात्र दूध उतू घालवण्यासाठी नातलगांत प्रसिद्ध होती. आज सकाळी साडेनवाला ती आली, पिशवी खुर्चीवर टाकली आणि वहिनीची चप्पल तिच्यासमोर आणून ठेवली. चर्चमध्ये उपासनेला जायचं, नंतर तिथल्या महिला मंडळाच्या बायकांबरोबर जेवायचं, मग कुठंही भटकायचं, पण पाचच्या आत दारात दिसायचं नाही, असं ठरलं होतं. ठरवलं होतं पाळकांनी आणि नणंदेनं. तिला कुणी फारसं विचारलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात पाळक घरी आले होते, तेव्हा ती नवऱ्याला भरवत होती. बोलण्याच्या ओघात तिनं जरा अभिमानानंच सांगितलं, की लग्न झाल्यापासून रविवारी तिनं सुईत दोरा ओवलेला नाही. शनिवारी संध्याकाळी मशीनवर खोळ चढते ती सोमवारीच निघते, मग गिऱ्हाईक कितीही मागे लागो. पाळकांनी तिच्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं.

"आणि हे?"

"हे काय काम आहे? माझे मिस्टर आहेत ते."

पाळक हसले नाहीत. शब्बाथ, विसाव्याचा दिवस, म्हणजे नुसतं काम थांबवणं नव्हे, म्हणाले. एक दिवस हात सोडायचे आणि आपण न धरताही जग उभं राहतं का ते पाहायचं. तिच्या मनात आलं, जग राहील हो उभं, पण हे पडतील त्याचं काय? मग पाळकांनी पलंगाकडे वळून थेट त्यालाच विचारलं, रविवारी बहीण आली तर चालेल का. त्यानं डोळे मिटले. तिनं त्याचा अर्थ 'नको' असा लावला, पाळकांनी 'हो' असा. आणि पाळकांपुढे वाद कोण घालणार?

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत तो बसमध्ये कंडक्टर होता, आणि बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग एका दुपारी उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. अर्धेमुर्धे शब्द यायचे, तेही धडपडत. तीन महिन्यांपूर्वी ती एका झग्याची शेवटची दोन बटणं लावत बसली असताना त्यानं डाव्या हातानं तिच्या पेल्यातलं साधं पाणी घेतलं. ते छातीत गेलं. अकरा दिवस इस्पितळात काढले. पुन्हा असं झालं तर आपल्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. त्या दोन बटणांसाठी तिनं स्वतःला अजून माफ केलं नव्हतं. तेव्हापासून दहा मिनिटांहून जास्त वेळ ती त्या खोलीबाहेर राहिली नव्हती.

उपासनेत ती दाराजवळच्या बाकावर बसली. प्रवचन कशावर होतं, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पहिला फोन तिनं पायऱ्यांवरूनच केला. सगळं ठीक होतं. दुसरा, जेवणाआधी. तेव्हाही ठीक होतं. जेवल्यावर ती नकळत कप विसळायला उठली, तर मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी कप काढून घेऊन तिला पुन्हा खुर्चीत बसवलं. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. तिनं तिसरा फोन लावला.

"वहिनी, आता पुन्हा फोन केलास ना, तर मी उचलणार नाही," नणंद म्हणाली. "शप्पथ."

सव्वाला चौथा फोन वाजत राहिला. दीडला पाचवाही. नणंद शब्दाची पक्की, उचलणार नाही म्हणजे नाही, हे तिला ठाऊक होतं. पण उचलत नाही की उचलता येत नाही? दोन्ही हात त्याच्या पाठीवर असतील तर? सहावा फोन लावला तेव्हा तो बंदच होता. मग तिला तिथं बसवेना. कुणाला न सांगता ती निघाली, आधी भराभर आणि शेवटच्या गल्लीत चक्क पळत. पन्नाशीची बाई रविवारच्या कपड्यांत पळताना पाहून लोक बाजूला होत होते.

तिसरा मजला चढेपर्यंत तिला धाप लागली. जिन्यातच करपल्याचा वास आला. नणंदेचं सूप असणार. तिनं किल्ली काढली, कुलपात घातली, आणि तेवढ्यात आतून तो खोकला.

तो ठसका होता. साधा खोकला आणि ठसका यांतला फरक ती झोपेतही सांगू शकली असती. पुन्हा एक ठसका, त्याहून खोल. मग काहीच नाही. पाठीवर थोपटल्याचा आवाज नाही, नणंदेची हाक नाही. खोकला थांबणं म्हणजे काय, हे इस्पितळातल्या अकरा दिवसांत ती शिकली होती. बोटं किल्लीवर वळली.

"त्..." आतून आवाज आला.

त्याचा आवाज. म्हणजे श्वास होता. ती दाराला खेटून उभी राहिली.

"त्... तु..."

तिच्या ओठांवर शब्द तयार होतेच. तहान? ताप आलाय? तोंड पुसू? एरवी तो असा अडला की ती एकामागून एक शब्द पुढे करायची आणि तो एखाद्याला मान हलवायचा. पुष्कळदा तर त्याला सुरुवातही करावी लागायची नाही. आत्ताही ती बोललीच असती, पण मध्ये दार होतं. नणंद मात्र ढिम्म होती. एक शब्द नाही तिच्या तोंडून. तिला नणंदेची अशी चीड आली, की दार उघडून आधी तिलाच झोडावं. माणूस तडफडतोय आणि ही बघत बसलीय. कागदावर लिहून दिलं होतं ना, दमवायचं नाही म्हणून?

आत शांतता होती. लांबच लांब शांतता. खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

"तुझं... सूप..." तो म्हणाला. मग पुन्हा थांबला, आणि नणंदही त्याच्याबरोबर थांबून राहिली. "...भयंकर आहे."

नणंदेचं ते गडगडाटी हसू फुटलं. त्याच्याखाली आणखी एक हसू होतं, घोगरं, एका बाजूनं निसटणारं. ते ओळखायला तिला एक क्षण लागला. आठ महिन्यांत तिनं ते ऐकलंच नव्हतं.

चार शब्द. सगळं वाक्य, कर्ता-क्रियापदासकट, वर खवचटपणाही शाबूत. तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. आणि पाठोपाठ तिला वाईट वाटलं, अगदी लहान मुलासारखं वाईट वाटलं. आठ महिने ती त्याच्या उशाशी होती आणि वाक्य मिळालं ते करपलेल्या सूपला. मग पाळकांपुढे त्यानं मिटलेले डोळे तिला आठवले. तिला वाटलं होतं, त्याला आपल्याशिवाय राहायचं नाही.

आत तो पुन्हा काहीतरी जुळवायला लागला होता. "क्... का..." तिचे ओठ हलले. तिनं हाताचा तळवा तोंडावर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं, अगदी आवाज न करता, किल्ली कुलपातून बाहेर काढली.

जिन्याच्या वरच्या पायरीवर ती बसली. अडीच वाजले होते. तिनं पाय लांब केले. आतले आवाज आता नुसते येत जात होते. शब्द कळत नव्हते आणि कळून घ्यायला ती पुढे वाकली नाही.

थोड्या वेळानं वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशवी सांभाळत वर आली आणि तिला पाहून घाबरलीच. किल्ली हरवली का, तिनं विचारलं. मिस्टरांचं काही जास्त झालं का? दार उघडायला कुणी नाही?

"आहेत की. दोघं आहेत आत."

"मग तुम्ही अशा बाहेर?"

ती सरकून भिंतीला टेकली, शेजारणीला जायला वाट करून दिली.

"ह्यांचा रविवार चाललाय," ती म्हणाली.