रडण्यावरून धरलेला माणूस

तांदळाच्या दुकानवाल्या म्हातारीचा खुनी पुसान शहरात सापडला, ही बातमी आली तेव्हा बोंगचुन दुकानात टोफूच्या वड्या पाडत होता. खुनी निघाला तिचाच भाचा. म्हणजे या खुनासाठी धरलेला शेजारचा ग्यूसोक आता सुटणार. बोंगचुनला हायसं वाटायला हवं होतं, पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोलिसांना ग्यूसोकचं नाव त्यानंच तर सांगितलं होतं.

निमित्त झालं एका सिनेमाचं. खुनाच्या आधी थोडे दिवस गावातल्या थिएटरात त्यानं तो पाहिला होता. त्यातला खुनी मयताच्या घरी येऊन सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडतो. पुढे म्हातारीच्या घरी लोक रीतीप्रमाणे ‘आयगो, आयगो’ असा आक्रोश करून उठले, जेवायलाही बसले. ग्यूसोक मात्र जमिनीला कपाळ टेकून रडतच राहिला. बोंगचुनच्या अंगावर काटा आला. सकाळी तो चौकीत जाऊन सांगून आला, “कोण लागते ती याची, एवढं रडायला?”

ग्यूसोक का रडतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. युद्धात ग्यूसोकची आई उत्तर कोरियात, सीमेपलीकडे राहिली. आहे की गेली, कळायला मार्ग नव्हता. म्हणून कुठलीही म्हातारी वारली की ग्यूसोक आपल्या आईचंही रडून घेई. साऱ्या गल्लीला हे ठाऊक होतं.

संध्याकाळी ग्यूसोकची बायको सुनिम दारात आली.

“भावोजी, उद्या सुटतायत हे. तुरुंगाच्या फाटकातच टोफू भरवायला हवा, पुन्हा आत जायची पाळी येऊ नये म्हणून. ताजा द्या. आणि तुम्हीही चला.”

“दुकान आहे गं…”

“दुकान काय पळून जातंय? आमच्याकडे बघून सगळ्यांनी दारं लावून घेतली. तुम्हीच तेवढे रोज टोफू पाठवत होतात. की आता तुम्हालाही लाज वाटते आमची?”

तो गेला.

ग्यूसोक बाहेर आला तो गालफडं बसलेला, दाढी वाढलेली. बोंगचुनच्या हातातला टोफूचा वाडगा बघून हसला. “बोंगचुनदादा, आतला टोफू म्हणजे नुसता भिंतीचा चुना. आणि मला रडण्यावरून धरलं म्हणे. इतकं वाईट रडतो का हो मी?”

सुनिमला हसू फुटलं.

“थांब. आधी ऐक,” बोंगचुन कसाबसा म्हणाला. “पोलिसांना मी सांगितलं होतं.”

“काय?”

“तू फार रडलास, हे. सिनेमात तसं पाहिलं होतं मी.”

सुनिमचं हसू मावळलं. “म्हणजे तो रोजचा टोफू…”

“सिनेमात,” ग्यूसोक स्वतःशीच म्हणाला. त्यानं बोंगचुनच्या हातातून वाडगा घेतला. मग भिंतीशी उकिडवा बसला आणि हातानंच खाऊ लागला. बोंगचुन एक पाऊल पुढे आला.

“भूक लागलीय म्हणून खातोय,” ग्यूसोक मान वर न करता म्हणाला. “त्याचा दुसरा अर्थ काढू नका.”

रिकामा वाडगा त्यानं बोंगचुनच्या हातात न देता जमिनीवर ठेवला. सुनिमनं नवऱ्याची पिशवी उचलली. दोघं बसथांब्याकडे निघाले.

गल्लीकडे जाणारी बस एकच होती. ते दोघं चढेपर्यंत बोंगचुन फाटकापाशीच थांबला. बस सुटल्यावर त्यानं वाडगा उचलला आणि तो पायीच घराकडे निघाला.